दूध सोसत नाही, तेव्हा दोष ए१चा की साखरेचा?

बाजारात ‘ए२’ दूध पोटाला सोसणारं म्हणून जादा पैशांनी विकलं जातं आणि ‘ए१’ दुधाला दोष दिला जातो. गाईच्या दुधाचा एक पेला, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर, घेतला तर त्यात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात. लिंबू पिळून ते दूध फाडलं की कापडात जो पांढरा गोळा उरतो, तो मुख्यतः केसीन या प्रथिनाचा. खाली गळणाऱ्या हिरवट पाण्यात राहतात ती दुसऱ्या जातीची प्रथिनं. दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं आणि केसीनचेही चार प्रकार आहेत. त्यातला एक बीटा-केसीन, एका पेल्यात साधारण दोन ग्रॅम. ए१ आणि ए२ हे या बीटा-केसीनचेच दोन प्रकार, आणि सगळा वाद या दोन ग्रॅमांपुरता आहे. दुधातली साखर, स्निग्धांश, कॅल्शियम यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तर बाजारातले निम्मे दावे आपोआप गळून पडतात.

बीटा-केसीन म्हणजे २०९ अमिनो आम्लांची एक लांब साखळी. ए२ प्रकारात ६७व्या जागी प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल असतं, ए१ प्रकारात त्याच जागी हिस्टिडिन असतं. बाकी साखळी तीच. गाईच्या जनुकात या जागेचा संकेत तीन अक्षरांचा असतो आणि त्यातलं मधलं एकच अक्षर बदललं की प्रोलिनच्या जागी हिस्टिडिन येतं. मूळचा प्रकार ए२. ए१ हा बदल युरोपातल्या गाईंमध्ये काही हजार वर्षांपूर्वी झाला आणि तिथून जगभर गेलेल्या जातींबरोबर पसरला. बीटा-केसीनचे याशिवायही प्रकार आहेत, त्यांतला बी हा प्रकार ६७व्या जागी हिस्टिडिन बाळगतो, म्हणून पचनाच्या हिशोबात तो ए१च्याच पंगतीला बसतो.

एका अमिनो आम्लाने एवढा काय फरक पडतो? उसाचं उदाहरण घ्या. कांड्यावर कोयता मारला की ऊस सपकन तुटतो. तोच घाव पेरावर, गाठीवर बसला तर कोयता अडकतो. प्रोलिन ही साखळीतली गाठ आहे. त्याची रचना कड्यासारखी वळलेली असते, त्यामुळे पचनरसांना त्याच्या अलीकडचा बंध सहज तोडता येत नाही. हिस्टिडिनपाशी तशी अडचण नाही. म्हणून ए१ दूध पचताना साखळी ६६ आणि ६७ या जागांच्या मध्ये सहज तुटते आणि ६० ते ६६ असा सात अमिनो आम्लांचा तुकडा सुटा होतो. त्याला बीटा-कॅसोमॉर्फिन-७ म्हणतात, थोडक्यात बीसीएम-७. ए२ दुधातून हा तुकडा अगदीच सुटत नाही असं नाही, पण फार कमी सुटतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बीसीएम-७ हा काही ताज्या दुधात तरंगत असलेला पदार्थ नव्हे. तो पोटात, पचन चालू असताना तयार होतो. त्यामुळे दूध तीनदा उकळून, हळद घालून किंवा रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवून ए१चं ए२ होत नाही. साखळीतला क्रम उकळण्याने बदलत नाही.

हा तुकडा आतड्यात काय करतो

कॅसोमॉर्फिन या नावात मॉर्फिन आहे, आणि ते उगाच नाही. आतड्याच्या भिंतीत अफूवर्गीय द्रव्यांना प्रतिसाद देणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. जुलाबावर दिलं जाणारं लोपेरामाइड हे औषध याच ग्राहकांवर बसतं आणि आतड्याची हालचाल मंद करतं, त्यानेच जुलाब थांबतात. बीसीएम-७ हा तुकडाही त्याच ग्राहकांवर बसू शकतो. तो बसतो मात्र फार सैल, औषधाची ताकद त्यात नाही. दूध प्यायल्याने नशा येते किंवा दुधाचं व्यसन लागतं, अशी वाक्यं या नावावरून रचली गेली आहेत. त्यांना आधार नाही.

शिवाय आतड्याच्या आतल्या अस्तरावर डीपीपी-४ नावाचं एक विकर (एन्झाइम) बसलेलं असतं. प्रोलिनच्या गाठी सोडवणं हेच त्याचं काम, आणि बीसीएम-७ची पहिलीच गाठ ते सोडवतं. म्हणजे तुकडा तयार होतो आणि बराचसा तिथेच मोडतोही. मोठ्या माणसांत तो आतड्याची भिंत ओलांडून अख्खाच्या अख्खा रक्तात जातो, याचा भक्कम पुरावा नाही. त्यामुळे ए१च्या परिणामाबद्दल विचार करायचा तर तो आतड्यापुरताच करणं सयुक्तिक आहे.

हृदयविकार, बालवयातला मधुमेह, स्वमग्नता (ऑटिझम) यांच्याशी ए१चा संबंध जोडणारी मांडणी नव्वदच्या दशकात न्यूझीलंडमधून पुढे आली. निरनिराळ्या देशांत किती ए१ दूध प्यायलं जातं आणि तिथे किती लोकांना हे आजार होतात, यांची आकडेवारी शेजारी शेजारी मांडून तो निष्कर्ष काढला होता. अशा तुलनेत देशादेशांतले बाकीचे फरक, आहार, तंबाखू, हवामान, सगळे एकत्र मिसळून जातात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९मध्ये उपलब्ध अभ्यासांचा सविस्तर आढावा घेतला आणि बीसीएम-७मुळे हे आजार होतात असा कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असं स्पष्ट लिहिलं. ए२ दूध मधुमेह टाळतं असं कोणी सांगत असेल, तर तो आढावा अजून उलटवला गेलेला नाही, हे त्याला सांगावं.

पचनाचं मात्र वेगळं आहे. तिथे थोडा पुरावा खरोखर आहे. उंदरांवरच्या एका प्रयोगात ए१ आहाराने अन्नाचा आतड्यातला प्रवास मंदावला आणि अफूवर्गीय ग्राहक बंद करणारं नॅलोक्झोन दिल्यावर तो फरक नाहीसा झाला. म्हणजे वर सांगितलेला मार्ग निदान उंदरात तरी तसाच चालतो. माणसांवरच्या चाचण्यांपैकी २०१४ची ऑस्ट्रेलियातली चाचणी ४१ जणांवर झाली. प्रत्येकाने दोन आठवडे फक्त ए१ आणि दोन आठवडे फक्त ए२ प्रकारचं दूध घेतलं. २०१६मध्ये चीनमध्ये ४५ जणांवर आणि २०१७मध्ये ६०० जणांवर ए१ असलेलं दूध आणि निव्वळ ए२ दूध यांची तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या. चीनमधल्या चाचण्यांत ए२ घेतल्यावर पोट फुगणं, गुडगुडणं, कळ येणं कमी नोंदवलं गेलं.

पण या चाचण्या वाचताना दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. एक, या तिन्ही चाचण्यांना ए२ दूध विकणाऱ्या कंपनीचं अर्थसाहाय्य होतं. तेवढ्याने त्या खोट्या ठरत नाहीत, पण स्वतंत्र पैशावर झालेल्या मोठ्या चाचण्यांची वाट पाहणं रास्त आहे. दुसरं, निकाल एका दिशेचे नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ए१ घेताना शौच जास्त सैल झाली, चीनमधल्या पहिल्या चाचणीत ए१ने आतड्यातला प्रवास उलट लांबला. एकच कारण असतं तर चित्र इतकं फाटलं नसतं. काही लोकांना ए१ दुधाने पोटाचा सौम्य त्रास होतो आणि ए२ने तो कमी होतो, एवढं आज प्रामाणिकपणे म्हणता येतं. कोणाला होतो, हे चेहरा पाहून सांगता येत नाही.

आधी साखर तपासा

दूध सोसत नाही म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचा खरा अडथळा लॅक्टोज ही दुधातली साखर असते. पेल्याभर दुधात ती नऊ-दहा ग्रॅम असते आणि ती ए१, ए२, देशी, जर्सी, सगळ्या गाईंत जवळपास तितकीच. ती पचवणारं लॅक्टेज विकर लहानपणी भरपूर असतं, पुढे अनेकांत कमी होत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात, गॅस धरतो, साखर पाणी ओढून घेते आणि ढाळ होतात. दूध प्यायल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत पोटात गुडगुडायला लागलं, तर संशय आधी साखरेवर घ्यावा.

घरातच एक खूण मिळते. दूध बाधतं पण दही-ताक सोसतं, असं असेल तर बहुधा लॅक्टोजचंच प्रकरण. विरजण लागताना साखरेचा पाव-एक भाग आम्लात जातो आणि विरजणातले जिवाणू उरलेली साखर फोडायला आतड्यातही हातभार लावतात. दह्यात बीटा-केसीन मात्र तसंच असतं. म्हणून ए१ हाच दोषी असता तर दह्यानेही काही ना काही जाणवायला हवं होतं. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत साखर फारसा त्रास न देता चालते, विशेषतः जेवणाबरोबर. उपाशीपोटी मोठा ग्लास घेऊन पोट बिघडणारा माणूस जेवणानंतर अर्धा कप घेऊन निवांत असतो, ते यामुळेच.

खरोखर शोधायचं असेल तर नीट शोधावं. दहा-बारा दिवस दूध पूर्ण बंद करावं, चहातलं दूध, पेढा, आइस्क्रीम, कस्टर्डसकट. त्रास तसाच राहिला तर दुधाला दोष देणं थांबवावं आणि डॉक्टरांकडे जावं. त्रास गेला, तर पुढचे पाच-सात दिवस लॅक्टोजमुक्त दूध रोज २०० मिलिलिटर घ्यावं. हे दूध साध्या दुधातच लॅक्टेज मिसळून केलेलं असतं, साखर फुटलेली असते म्हणून ते किंचित गोड लागतं, पण केसीन बदललेलं नसतं. ते सोसलं, तर प्रश्न साखरेचा होता आणि तो सुटला. ए२साठी जादा पैसे मोजायचं कारण उरलं नाही.

लॅक्टोजमुक्त दुधानेही पोट फुगलं, तरच ए१-ए२ची तुलना करण्यात अर्थ आहे. इथे म्हशीचं दूध कामाला येतं. म्हशीचं बीटा-केसीन ए२ प्रकारचंच असतं. शेळीचंही तसंच. तुलनेसाठी तबेल्यातून खात्रीचं निव्वळ म्हशीचं दूध आणि गोठ्यातून संकरित गाईचं दूध आणावं. पिशवीतलं टोन्ड दूध चालणार नाही, कारण ते गाई-म्हशीचं मिसळलेलं असू शकतं. दोन्ही दुधं तापवून, गार करून, वरची साय पूर्ण काढावी, कारण म्हशीच्या दुधातला सहा-सात टक्के स्निग्धांश स्वतःच पोट जड करतो आणि मग दोष प्रथिनाचा की सायीचा ते कळत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे लॅक्टेजचे थेंब पुड्यावर लिहिलेल्या प्रमाणात दोन्हींत घालून दूध २४ तास फ्रिजमध्ये ठेवावं, म्हणजे साखरेचा प्रश्न दोन्हीकडून सारखाच वगळला जातो.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच प्रयोग फसतो. कोणतं दूध कोणतं, हे पिणाऱ्याला कळता कामा नये. घरातल्या दुसऱ्या कोणी तरी दोन सारख्या बाटल्यांवर फक्त खुणा करून ठेवाव्यात आणि रोज स्टीलच्या पेल्यात ओतून द्यावं. चव ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींत सारखी वेलची घातली तरी चालेल. एक दूध पाच दिवस, मग तीन दिवस काहीच नाही, मग दुसरं पाच दिवस. रोज वहीत गुडगुड, फुगणं, कळ, शौचाचं स्वरूप लिहून प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यावेत. शेवटी बाटल्यांचं गुपित फोडावं. ‘देशी गाईचं दूध आहे, आता बरं वाटेल’ हा विश्वास पोटावर खरोखर परिणाम करतो, म्हणून हा आडपडदा लागतो.

शौचात रक्त, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, ही लक्षणं असतील तर असले प्रयोग करत बसू नये.

आणि लहान मुलांबाबत कडक सूचना. गाईच्या दुधाची ॲलर्जी ही वेगळीच गोष्ट आहे. अंगावर पित्त उठणं, उलट्या, श्वासाला घरघर, बाळाच्या शीमध्ये रक्त, ही तिची लक्षणं. ही ॲलर्जी केसीन आणि निवळीतल्या (दूध फाडल्यावर गळणाऱ्या पाण्यातल्या) प्रथिनांची असते आणि ती प्रथिनं ए२ दुधातही तितकीच असतात. अशा बाळाला ‘ए२ आहे, चालेल’ म्हणून दूध देणं धोक्याचं आहे. म्हशीचं किंवा शेळीचं दूधही पर्याय नव्हे. ॲलर्जी असो वा नसो, वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाच्या जागी कोणत्याही जनावराचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये.

कोणत्या गाईत काय

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या संशोधकांनी २००९मध्ये भारतीय जातींची तपासणी प्रसिद्ध केली. देशी गाईंत ए२ जनुकाचं प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर निघालं आणि तपासलेल्या सगळ्या म्हशी ए२ निघाल्या. आपल्याकडच्या खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या शुद्ध जातींच्या गाईंकडून म्हणूनच ए२ दुधाची अपेक्षा ठेवता येते.

अडचण आहे ती संकरित जनावरांत. होल्स्टीन फ्रिजियन, म्हणजे गोठ्यातली एचएफ, तिच्यात ए१ बऱ्यापैकी आढळतो, जर्सीत त्याहून कमी. प्रत्येक गाईला या जनुकाच्या आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळतात. दोन्ही ए२ असल्या तर दूध निव्वळ ए२, दोन्ही ए१ असल्या तर निव्वळ ए१, एक-एक असली तर दोन्ही प्रथिनं साधारण निम्मी-निम्मी. वशिंड, गळ्याची पोळी, रंग यावरून हे ठरत नाही. गीर वळूपासून झालेली संकरित कालवड दिसायला गीरसारखी असली, तरी आईकडचा ए१ तिच्यात असू शकतो. उलट, एखादी काळी-पांढरी एचएफ निव्वळ ए२ निघू शकते.

संकलन केंद्रावरचं यंत्र फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) आणि मिसळलेलं पाणी सांगतं. ए१-ए२ ते सांगत नाही. त्यासाठी गाईची जनुकीय तपासणी लागते, किंवा दुधाच्या प्रथिनांचं विश्लेषण करणारी मोठी प्रयोगशाळा. गाईची तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. शेपटीच्या गोंड्यातले वीस-तीस केस मुळासकट उपटायचे. कात्रीने कापलेल्या केसांचा काही उपयोग नसतो, कारण पेशी मुळाशी असतात. शेणाने भरलेले, ओले केस नकोत. कोरड्या कागदी पाकिटात ठेवून त्यावर कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक लिहायचा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि नमुना कुजतो. एका गाईचे केस झाले की हात पुसून मगच दुसरीला हात लावायचा, नाहीतर दोघींचे केस मिसळतात आणि निकाल चुकीचा ‘ए१ए२’ येऊन बसू शकतो.

गोठा ए२ करायचा तर वळू निवडणं हाच मार्ग. वीस संकरित गाईंपैकी सहा ए२ए२, दहा ए१ए२ आणि चार ए१ए१ निघाल्या असं मानू. सगळ्यांना ए२ए२ वळूची रेतमात्रा भरली. पहिल्या सहा जणींची सगळी वासरं ए२ए२ होतील, मधल्या दहांची सरासरी निम्मी, शेवटच्या चौघींचं एकही नाही. वीस वासरांत दहा कालवडी धरल्या तर त्यांतल्या पाच-सहा ए२ए२. नऊ महिने गाभणकाळ आणि पुढे कालवड विण्याला अडीच वर्षं, म्हणजे त्या कालवडींचं दूध हाती यायला तीन वर्षांच्या वर. तोवर ए२ म्हणून विकायचं दूध फक्त त्या सहा गाईंचं, आणि तेही वेगळ्या कॅनमध्ये. एकाच ए१ए२ गाईची धार त्या कॅनमध्ये गेली की पूर्ण कॅन ए२ राहत नाही. धार आधी ए२ए२ गाईंची काढावी, मग बाकीच्यांची.

आणि ते ए२ तूप

तुपात ९९ टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो. बेरी गाळून टाकली की प्रथिन नावापुरतंही राहत नाही. ए१ आणि ए२ हा फरक प्रथिनाचा, आणि प्रथिनच नसलेल्या पदार्थावर तो शिक्का मारणं निरर्थक आहे. तूप देशी गाईचं असेल, लोणी ताकातून घुसळून काढलेलं असेल, त्याला चव आणि वास असेल, तर त्याचे पैसे जरूर द्यावेत. पण ‘ए२’ या दोन अक्षरांचे देऊ नयेत. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, २१ ऑगस्ट २०२४ला दूध, तूप, लोणी, दही यांच्या वेष्टनावरचे ए१-ए२ दावे काढायला सांगितले होते आणि तेव्हा हेच कारण नोंदवलं होतं. पाच दिवसांनी, २६ ऑगस्टला, संबंधितांशी आणखी चर्चेसाठी ती सूचना मागे घेतली गेली. सूचना मागे गेली तरी तुपात प्रथिन आलेलं नाही.

दूध घेताना विक्रेत्याला विचारायचं ते इतकंच: गोठ्यातल्या प्रत्येक गाईची तपासणी झाली आहे का, बिल्ला क्रमांकासह अहवाल दाखवता येईल का, आणि धार काढल्यापासून पिशवी बंद होईपर्यंत हे दूध दुसऱ्या कोणत्या कॅनमध्ये जातं का. गाई शुद्ध देशी असतील तर जात कोणती आणि वळू कोणता, हे विचारावं. ज्याचा गोठा खरा आहे, त्याला वळूचं नाव तोंडपाठ असतं.